पायरीवरची थोरली

चिमटीचं खरं नाव काय, असं कुणी विचारलं असतं तर कॉन्व्हेंटमधल्या जुन्या सिस्टरांनाही क्षणभर आठवावं लागलं असतं. बाप्तिस्म्याच्या वेळी फादरांनी तिला एका संतिणीचं लांबलचक नाव दिलं होतं, पण ते त्या दिवशी उच्चारलं गेलं ते तेवढंच. चालता यायला लागल्यापासून ही पोर आईच्या मागे ओल्या चादरींमधून हिंडायची आणि आईनं हात मागे केला की त्यात एक लाकडी चिमटा ठेवायची. म्हणून चिमटी. पुढे लग्न झालं, मूल झालं, केस पिकले, तरी बोर्डिंगच्या मुलींना ती चिमटीताईच.

तिची आई बोर्डिंगचे कपडे धुणारी. बाप कॉन्व्हेंटचा माळी होता, पण चिमटी रांगत होती तेव्हाच तो छातीच्या दुखण्यानं गेला. त्यामुळे तिला कळायला लागलं तेव्हा जग म्हणजे आई, वाफ आणि सिस्टर. मायलेकी धुलाईघराच्या मागच्या खोलीत राहायच्या. भिंतीच्या पलीकडे भट्टी असल्यामुळे थंडीत ती खोली उबदार असायची आणि उन्हाळ्यात तिथं बसवत नसे.

बोर्डिंग गावापासून चांगलंच लांब होतं. सगळीकडे सपाट शेतं आणि मधोमध ही दुमजली लांबट इमारत, जणू कुणीतरी तिथं ठेवून विसरून गेलं होतं. एका टोकाला चॅपल, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर, मागे धुलाईघर आणि त्याच्याही मागे बुटक्या भिंतीची दफनभूमी. फाटकापासून निघालेला रस्ता नजर पोचेल तिथपर्यंत सरळ जायचा. चॅपलला बाजूनं एक दार होतं. ते कधी उघडत नसत. त्या बंद दाराला एकच रुंद दगडी पायरी होती आणि तिथं बसलं की तो रस्ता अगदी शेवटपर्यंत दिसायचा.

धुलाईघरात एका भिंतीला छतापर्यंत लाकडी खण होते. प्रत्येक मुलीचा एक खण. धाकट्या मुलींना अक्षरं येत नसत, म्हणून कपड्यांवर लाल दोऱ्यानं खुणा घातलेल्या असायच्या. कुणाची छत्री, कुणाचा मासा, कुणाचा चमचा. तीच खूण खणाच्या कडेला रंगवलेली. मुलगी शाळा सोडून गेली की तिची खूण नव्या मुलीला मिळायची. अगदी खालच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खणावर शिडी होती. ती खूण मात्र चिमटीच्या आठवणीत कुणालाच मिळाली नाही. तरीही त्या खणात परीटघडीचा एक राखाडी फ्रॉक कायम असायचा, पांढऱ्या कॉलरचा, आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाचा.

तो फ्रॉक चिमटीच्या मावशीचा होता. हे आईनं तिला एका बैठकीत सांगितलं नाही. इस्त्री करताना, नीळ कालवताना, हात कामात असले की आईचं तोंड जरा सैल सुटायचं, आणि असं तुकड्यातुकड्यानं चिमटीच्या पदरात ते सगळं पडत गेलं.

आईचा बाप पाथरवट होता. खाणीमागून खाण करत फिरणारा माणूस. बायको गेल्यावर दोन पोरी घेऊन फिरणं त्याला जमेना, म्हणून एक दिवस दोघींना घेऊन तो या फाटकाशी आला. थोरलीचं वय त्या फ्रॉकाएवढं, धाकटी म्हणजे चिमटीची आई अजून बोबडं बोलणारी. मदर सुपिरिअरना तो म्हणाला, हातातलं काम संपलं की येऊन नेतो. थोरलीच्या खांद्यावर हात ठेवून तिलाही तेच म्हणाला. धाकटीला काही म्हणाला नाही, कारण ती झोपली होती. आईला बापाचा चेहरा आठवत नसे. आठवायचं ते एवढंच, की त्याच्या अंगाला दगडाच्या पिठाचा वास यायचा.

महिन्यातून एक रविवार भेटीचा असायचा. त्या दिवशी थोरली सकाळची मिस्सा, म्हणजे फादरांची प्रार्थना, आटोपली की चॅपलच्या त्या पायरीवर जाऊन बसायची. गुडघे जुळवलेले, एक हात डोळ्यांवर आडवा, दुसऱ्या हाताच्या मुठीत कॉलरचं टोक. इतर मुलींची माणसं यायची, भेटून जायची. थोरली संध्याकाळच्या घंटेला उठायची आणि आत येऊन धाकटीला सांगायची, की काम संपलेलं नसणार. पुढे पुढे ती रविवारचीही वाट बघेना. दुपारी सगळ्या मुली निजल्या की ही पायरीवर.

एका थंडीत बोर्डिंगमध्ये तापाची साथ आली. बऱ्याच मुली उठल्या, थोरली उठली नाही. मागच्या दफनभूमीत तिला ठेवलं. बापाला कळवायचं तर कुठं कळवणार? एका गाडीवानाकडे निरोप दिला, तो पोचला की नाही कोण जाणे.

धाकटीचं डोकं अभ्यासात कधी चाललं नाही. हात मात्र चालायचे. म्हणून मोठी झाल्यावर सिस्टरांनी तिला धुलाईघरात घातलं. तिथं तिला शिडीच्या खणात तो फ्रॉक सापडला. धुलाईघर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टर म्हणाल्या, चिंध्यांत टाक. तिनं हो म्हटलं आणि धुतला. पुढच्या आठवड्यात पुन्हा धुतला. नुसतं ठेवलं तरी धूळ बसतेच, असं ती चिमटीला सांगायची, आणि यात वावगं काय आहे अशा सुरात सांगायची.

चिमटीला त्यात वावगं वाटलंही नव्हतं. पण मोठी होऊन स्वतः हौदाशी उभी राहायला लागली तेव्हा एक गोष्ट तिच्या लक्षात आली. तो फ्रॉक मळलेला यायचा. दर आठवड्याला नाही, पण अधूनमधून धुण्याच्या ढिगात तो सापडायचा तेव्हा बाहीवर शाई असायची, गुडघ्याजवळ चिखल, कॉलरचं एक टोक चुरगळून काळं झालेलं. कुणीतरी तो दिवसभर अंगात घालून वावरलेलं असायचं.

तिनं आईला विचारलं. आई म्हणाली, अगं, बुटक्या सिस्टर नेतात. धाकट्यांची झोपण्याची खोली सांभाळणाऱ्या त्या सिस्टर अंगानं एवढ्याशा होत्या, की रांगेत उभ्या राहिल्या तर मुलींतच खपून जायच्या. मधेच कुणी नवी मुलगी आली आणि तिचे कपडे शिवून व्हायचे असले, तर त्या शिडीच्या खणातला फ्रॉक काढून तिला घालायच्या. आयता, स्वच्छ, कुणाचाच नसलेला. किती साधी गोष्ट. चिमटीचा जीव भांड्यात पडला.

पण तो जीव फार दिवस भांड्यात राहिला नाही. कारण एका दुपारी चादरी वाळत घालताना तिला पायरीवर एक नवी मुलगी दिसली. गुडघे जुळवलेले, एक हात डोळ्यांवर आडवा, दुसऱ्या मुठीत कॉलर. अंगात तो फ्रॉक. नव्या मुलींना घरची आठवण येते, त्या रस्त्याकडे बघत बसतात, यात काही नवल नाही असं तिनं स्वतःला समजावलं. काही दिवसांनी त्या मुलीचे स्वतःचे कपडे आले आणि ती दोरीवरच्या उड्या मारायला लागली. पुढच्या खेपेला दुसरी मुलगी. चांगली दांडगट, आल्या दिवसापासून दोघींच्या झिंज्या उपटलेली. तीही दुपारी त्या पायरीवर, तशीच, मुठीत कॉलर धरून. त्यांना तसं बसायला कुणी शिकवलं नव्हतं. एकीनं दुसरीला बघितलंही नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, ती चिमटी बरीच वर्षं कुणाजवळ बोलली नाही. हौदाचं पाणी सोडून दिलं की तळाशी नेहमी काळपट गाळ राहायचा, कारण आजूबाजूची माती काळी. पण तो फ्रॉक धुतला की तळाशी एक पांढरा, बारीक थर दिसायचा. पाण्यात न विरघळणारा, बोटांत चोळला तर कचकचणारा. आसपास कुठं चुना नव्हता, दगडाचं काम नव्हतं. एकदा आईनंही तो बोटांत धरून बराच वेळ चोळला, मग हात पाण्यात बुडवला आणि म्हणाली, सोडा नीट विरघळलेला दिसत नाही.

चिमटीला तिचं स्वतःचंही काहीतरी आठवायचं. ती त्या मापाची होती तेव्हा तिचे कपडे वाळले नसले की आई तिला तो फ्रॉक घालायची. तेव्हाच्या दुपारी तिला आठवायच्या त्या पायरीच्या. दगड बुडाला गरम लागायचा. आणि ती कुणाची तरी वाट बघायची. कुणाची, ते तिला ठाऊक असायचं, असंही आठवायचं. पण आई तर पाठीमागे धुलाईघरात होती आणि बाप पुरला होता. त्या लहानग्या चिमटीला वाट बघायला कोण उरलं होतं? मोठेपणी ती हे कोडं फार उकरायला गेली नाही. हातात ढीगभर चादरी असल्या की माणूस कोडी बाजूला ठेवतो.

चिमटीचं लग्न ठरलं होतं त्या वर्षी बोर्डिंगमध्ये एक मुलगी आली, तिला बाकीच्या मुली मुकी म्हणायच्या. ती मुकी नव्हती. तिचे आईवडील एकदमच गेले होते, काकानं आणून सोडली होती, आणि आल्यापासून तिनं तोंडातून एक शब्द काढला नव्हता. सिस्टरांनी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, घशात काही बिघाड नाही, बोलेल तेव्हा बोलेल. वर्ष अर्धं उलटल्यावर आलेली, शिंपी आजारी, त्यामुळे बुटक्या सिस्टरांनी तिला शिडीचा फ्रॉक घातला, आणि तो बरेच दिवस तिच्याच अंगावर राहिला. दुपारी सगळ्या निजल्या की ती हळूच उठून पायरीवर यायची. बुटक्या सिस्टर स्वतःच डुलक्या घेत असायच्या, त्यामुळे तिला अडवणारं कुणी नव्हतं. आई धुलाईघराच्या दारातून तिला बघायची आणि पुन्हा कामाला लागायची.

अशीच एक दुपार होती. वारा पडलेला. दोरीवरच्या चादरी भिंतीसारख्या स्थिर. इमारतीतून कसलाच आवाज नाही. एवढ्या मुली एका छताखाली निजलेल्या असल्या की जी शांतता होते ती रिकाम्या घराच्या शांततेपेक्षा जास्त जाणवते. चिमटी शेवटच्या रांगेला चिमटे लावत होती. पायरी चादरींच्या पलीकडेच होती.

तेवढ्यात तिला एका मुलीचा आवाज ऐकू आला. तिनं तो आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"बाबा."

मोठ्यानं नाही. शेजारी बसलेल्या माणसाला हाक मारावी तशी. चिमटीनं दोन चादरींच्या फटीतून पाहिलं. मुकीनं डोळ्यांवरचा हात काढून उंच धरला होता. फाटकाच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला एक म्हातारा उभा होता. एवढ्या लांब ती हाक पोचणं शक्य नव्हतं. तरी तो हलला, फाटकातून आत आला आणि आवार ओलांडून पायरीकडे चालू लागला. पाठ वाकलेली, पाय ओढत. जवळ आला तेव्हा चिमटीला त्याच्या भुवया दिसल्या. त्या पिकलेल्या नव्हत्या. त्यांत पांढरी धूळ बसली होती, वर्षानुवर्षांची, धुऊन न जाणारी.

आणि चिमटीनं त्याला ओळखलं. जन्मात कधी न पाहिलेला माणूस. पण त्याच माणसाची वाट बघत ती लहानपणी त्या गरम दगडावर बसायची, हे तिला तत्क्षणी कळलं. हातातला चिमटा तिनं इतका घट्ट धरला, की त्याचा वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटावर होता.

म्हातारा पायरीपुढे थांबला. मुलीच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला.

"अजून इथंच?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, काम संपलं की येतो."

त्यानं तिची चुरगळलेली कॉलर सरळ केली.

"संपलं," तो म्हणाला. "आणि ती?"

"धाकटी आत आहे. कपडे धुतेय."

चिमटीच्या आईला त्या आवारात कुणी धाकटी म्हणत नसे. म्हणणारी एकच होती, आणि ती मागच्या भिंतीपलीकडे होती.

म्हाताऱ्यानं मान हलवली. चादरींमधून वाट काढत तो चिमटीच्या इतक्या जवळून गेला, की तिला तो कोरडा, पिठासारखा वास आला. तो धुलाईघराच्या उघड्या दारात जाऊन उभा राहिला. आत आई काहिलीवर वाकली होती. तिनं मान वर केली. दोघांच्या मधे वाफ होती.

"बाई, घोटभर पाणी मिळेल का?" तो म्हणाला.

आईनं हात पुसले, पत्र्याच्या मगात पाणी भरलं आणि त्याला दिलं. तो सावकाश प्यायला. पिताना तो तिच्या हातांकडे बघत होता. सोड्यानं पांढरे पडलेले, बोटांच्या पेरांवर चिरलेले हात. पाणी संपवून त्यानं मग तिला परत दिला.

"पोरीला सांगा, मी येऊन गेलो," तो म्हणाला.

"सांगते," आई म्हणाली.

एवढंच. तो वळला आणि आला तसा, पाय ओढत निघून गेला. पायरीजवळून जाताना त्यानं मुकीकडे पाहिलं नाही आणि तिनंही त्याच्याकडे पाहिलं नाही. ती रस्त्याकडेही बघत नव्हती. बुटाची सुटलेली नाडी बांधत होती.

चिमटी आत धावली. आई उलट्या बादलीवर बसली होती. कामाच्या वेळात आईला बसलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"आजोबा होते ना?" चिमटीनं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

चिमटी दाराकडे वळली. ती म्हणाली, मी थांबवते त्यांना. आईनं तिचं मनगट धरलं. ओल्या हातानं, पण घट्ट.

"मी दार लावलं नव्हतं," आई म्हणाली. "त्याला बोलायचं असतं तर बोलला असता."

मग तिनं मनगट सोडलं, आणि चिमटी तरीही धावलीच. फाटकाशी पोचली तोवर म्हातारा रस्त्यावर बराच पुढे गेला होता, पाठमोरा, उन्हात लहान लहान होत जाणारा. फाटकवाला आपल्या स्टुलावर बसून पाय चोळत होता. तो एका पायानं लंगडा होता आणि बोलायला कुणी मिळालं की खूश असायचा. चिमटीनं विचारलं, हे कोण, यांना आत कसं सोडलं?

"तो होय? तो येतो की अधूनमधून," फाटकवाला म्हणाला. "मी इथं लागलो तेव्हापासून बघतोय. कधी वर्षानं, कधी दोन-चार वर्षांनी. पलीकडे उभा राहतो, पायरीकडे बघतो आणि जातो. एकदा मी म्हटलं, बाबा, आत जा ना. तर म्हणाला, नको, दिसतेय इथून. बसलीय माझी पोरगी. अंगावर कपडे बघा कसे स्वच्छ आहेत. चांगली सांभाळतात तिला, मग मी मधे कशाला येऊ. आज म्हणाला, तिनं हाक मारली, जाऊ दे आत. म्हटलं जा."

फाटकवाल्याला त्यात काही खटकलं नव्हतं. मुलींची शाळा, कुणाची तरी पोरगी पायरीवर बसलेली असणारच. त्याला इथं लागून किती वर्षं झाली होती, हे चिमटीला चांगलं ठाऊक होतं. तो लागला तेव्हा ती स्वतः त्या फ्रॉकाच्या मापाची होती. इतक्या वर्षांत आपली पोरगी काडीभरही वाढली नाही, हे त्या बापाला कधी खटकलं नसेल? की त्याला तेच हवं होतं? ती न वाढता तिथं बसून राहिली, म्हणजे त्यालाही अजून फारसा उशीर झालेला नव्हता.

संध्याकाळी मुली प्रार्थनेला गेल्यावर तिनं हे आईला सांगितलं. सांगू की नको, असं तिला दुपारभर होत होतं. आई इस्त्री करत होती. तिनं ऐकून घेतलं. कॉलरवरून इस्त्री पुढे-मागे, पुढे-मागे. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणजे मीच." आणि मग कापड जळल्याचा वास आला. आईच्या हातून कॉलर करपण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

त्या दोन शब्दांचा अर्थ चिमटीला लगेच कळला आणि तो पुन्हा कधी उच्चारावा असं दोघींनाही वाटलं नाही. धाकटी बहिणीचे कपडे धूत राहिली. त्या धुतलेल्या कपड्यांकडे बघून बाप रस्त्यावरूनच परत जात राहिला. ज्या बापाची तिला आठवण नव्हती, तो तिच्यापासून एका आवाराच्या अंतरावर येऊन जात होता, आणि त्याला आत न येण्याचं कारण ती दर आठवड्याला खळ घालून, इस्त्री करून खणात ठेवत होती.

मुकीचे कपडे शिवून आले त्या दिवशी आईनं तो फ्रॉक स्वच्छ धुतला, वाळवला आणि दारात उजेडाला बसून उसवायला घेतला. आधी लाल दोऱ्याची शिडी, मग कॉलर, मग बाह्या. चिमटीला ते बघवेना. ती म्हणाली, पुरून टाकू, चॅपलमध्ये ठेवू, फादरांना विचारू. आई म्हणाली, कापड अजून चांगलं आहे, इस्त्री पुसायला होईल. आणि खरोखरच पुढची काही वर्षं त्या तुकड्यांनी इस्त्र्या पुसल्या गेल्या, आणि जळून, काळे होऊन ते तुकडे एकेक करून भट्टीत गेले.

आई उसवत होती तेव्हा मुकी येऊन दाराशी उभी राहिली. नव्या कोऱ्या फ्रॉकात, हातात अर्धा खाल्लेला पाव. ती आता बोलायला लागली होती. पहिल्यांदा बुटक्या सिस्टरांजवळ बोलली, दूध गार आहे असं, आणि सिस्टर आनंदानं रडल्या होत्या. चिमटीनं तिला बाजूला नेऊन विचारलं, त्या दिवशी धाकटी आत आहे असं तू म्हणालीस, ते तुला कुणी सांगितलं होतं? मुलीनं विचार केला.

"तो फ्रॉक अंगात असला की माहीत असतं," ती म्हणाली.

"आणि आता?"

"आता नाही." आणि पाव तोंडात कोंबून खेळायला पळाली.

त्यानंतर नव्या मुली आल्या, रडल्या, रुळल्या. पायरीवर कधी कुणी बसलंही, पण गप्पा मारायला, बुटातला खडा काढायला, घोळक्यानं. म्हातारा पुन्हा आला नाही. फाटकवाल्याला चिमटीनं सांगून ठेवलं होतं, दिसले तर धरून ठेव, काही कर, पण मला हाक मार. हाक मारायची वेळ आलीच नाही. एक वर्ष गेल्यावर आईनं फादरांना सांगितलं, बापाच्या नावानं मिस्सा करायची आहे. फादरांनी विचारलं, जिवंतासाठी की मृतासाठी? दोन्हींच्या प्रार्थना वेगळ्या असतात. आई म्हणाली, दोन्हीपैकी तो जे असेल त्यासाठी करा. फादरांनी तशी केली. कशी केली ते तेच जाणोत.

चिमटीचं लग्न पावाच्या गाडीवरच्या माणसाशी झालं. दर पहाटे तो बोर्डिंगला पाव आणून द्यायचा, तिथंच ओळख झाली. लग्नानंतर तोच मागच्या खोलीत राहायला आला, कारण आईला एकटं सोडून चिमटी जायला तयार नव्हती, आणि त्यालाही ऊब आवडायची. मुलगा झाला. आई थकत गेली, पण डोकं शेवटपर्यंत जागेवर. शेवटच्या दिवसांत अंथरुणावरून ती सूचना द्यायची, खळ दाट झाली असेल बघ, चादरी उन्हाच्या बाजूला घे. बापाचा किंवा बहिणीचा विषय तिनं काढला नाही. फक्त एकदा, चिमटी तिचे हात कोमट पाण्यानं पुसत असताना, ती म्हणाली, "पाणी प्यायला ना तो माझ्या हातचं." चिमटी म्हणाली, हो आई, प्यायले. आई म्हणाली, "मग झालं."

ती गेली तेव्हा सिस्टरांनी आपणहून सांगितलं, तिला मागे, बहिणीशेजारी ठेवू. पण शेजारी म्हणजे कुठं, हे कुणालाच सांगता येईना. मुलींच्या थडग्यांवरचे लाकडी क्रूस कधीच कुजून गेले होते, आणि गवत सगळीकडे सारखंच. कबर खणणाऱ्यानं चिमटीला विचारलं, ताई, कुठं खणू? तिनं भिंतीकडच्या कोपऱ्यात, जिथून रस्ता दिसत नाही अशी जागा दाखवली.

पुढे धुलाईघर तिचं झालं. काहिली गेल्या, यंत्रं आली, कोळशाच्या इस्त्र्या अडगळीत पडल्या. मग मुलीच कमी होत गेल्या. गावोगावी शाळा झाल्या, रस्ते झाले, आपली मुलगी लांब ठेवायला आईबापांना नको वाटू लागलं. एका वर्षी बोर्डिंग बंद झालं आणि नुसती दिवसाची शाळा उरली. चिमटी नवऱ्याबरोबर शहरात मुलाकडे आली. टायर दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. नवरा तिथंच वारला. ती अजून आहे. सुनेशी तिचं चांगलं जमतं.

फक्त एका गोष्टीवरून दोघींचं वाजतं. मागच्या थंडीत शेजारणीनं आपल्या मुलीचा लहान झालेला निळा स्वेटर नातीसाठी दिला. फारसा वापरलेला नव्हता. सुनेनं तो नातीला घातला आणि पोर आरशासमोर गिरक्या घ्यायला लागली. म्हातारीनं तिला जवळ बोलावलं, लाडानं तो काढून घेतला, घडी केली आणि परत देऊन ये असं सुनेला म्हणाली. सून वैतागली. आईंना दुसऱ्याचं उतरलेलं चालत नाही, एवढा कसला ताठा, असं ती नवऱ्याजवळ कुरकुरली. म्हातारीच्या कानावर ते गेलं. दुसऱ्या दिवशी ती खाली उतरून, गुडघे धरत धरत, कोपऱ्यावरच्या दुकानातून लोकर घेऊन आली. रंग कुठला आणू, हे नातीला विचारायचं राहिलं होतं, म्हणून तिनं पिवळा आणला. नात म्हणाली, मला निळाच पाहिजे होता. म्हातारी पुन्हा खाली उतरली आणि निळी घेऊन आली.